कोनता मोतीराम?

मोतीरामभाऊंना नुसतं नाव सांगून कुणाबद्दल काही सांगायची सोय नाही. "विनोदचा फोन आला होता," एवढं म्हटलं की ते हातातलं काम थांबवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कोनता?"

तुम्ही म्हणाल, त्यात काय, कुणीही विचारेल. पण भंडाऱ्याच्या आमच्या ऑफिसात विनोद नावाचा एकच माणूस येतो, आणि तो म्हणजे चहावाला. मोतीरामभाऊ रोज त्याच्याच हातचा चहा पितात. तरीही कोनता.

"अहो, चहावाला."

"चहावाले बी दोन रायतात, मॅडम. पुरा सांगा."

मग मी दात ओठ खात सांगते, "बसस्टँडच्या मागच्या टपरीचा, खैरी दिवाणचा, हातात कडं घालणारा विनोद." तेव्हा कुठे चष्मा खाली येतो. "हां. असं सांगाचं न."

हा माणूस आमच्याकडे प्रोग्रॅम लिहितो. आधी बरीच वर्षं पोरांना कॉम्प्युटर शिकवत होता. वय पन्नाशीच्या पुढे, केस अर्धे गेलेले, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. वयाने ते मोठे, हुद्द्याने मी. म्हणून मी त्यांना मोतीरामभाऊ म्हणते आणि ते मला मॅडम म्हणतात. तेही नुसतं नाही. "वैशाली मॅडम, सानगडी." ऑफिसात दुसरी वैशाली नाही, सानगडीचं तर दुसरं कुणीच नाही. पण उद्या आली तर काय, हा त्यांचा प्रश्न.

प्रणाली मात्र खरंच दोन होत्या. एकीला ते 'अड्याळ' म्हणत, दुसरीला 'आंधळगाव'. आंधळगावचं लग्न होऊन ती साकोलीला गेली, तेव्हा आम्ही गमतीने विचारलं, आता हिला काय म्हणणार? त्यांनी गंमत समजून घेतली नाही. दोन दिवस विचार केला आणि सांगितलं, "माहेरचंच राहू द्या. चालतं नाव बदलवलं का सबन तुटते." प्रणालीच्या सासूबाई एकदा ऑफिसात आल्या, तर त्यांच्यासमोरही हाक आंधळगाव.

त्यांच्या फोनमधली नावं एकदा पाहा. 'रमेश नळवाला खात रोड कुत्रेवालं घर.' 'डॉक्टर दाताचे, बुढे, हळू बोलतात ते.' एका लग्नात ऐन मांडवात त्यांनी नवरीच्या मामाला विचारलं होतं, "सुनीताचं लग्न हाये, हे समजलं. पन कोनती सुनीता?" मामा अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

या सगळ्यामागे त्यांचं एक तत्त्वज्ञान आहे आणि ते ऐकल्याशिवाय सुटका नाही. आपल्या जिल्ह्यात एका नावाची गावं किती. खैरी म्हटलं तर कुठली खैरी? म्हणून लोकांनी प्रत्येकीला काहीतरी जोडून दिलं. खैरी दिवाण वेगळी, खैरी पट वेगळी. पिंपळगाव सडक वेगळं, पिंपळगाव कोहळी वेगळं. "आपल्या बुढ्यांनी कोड नाई लिहला, मॅडम. पन त्याइले समजलं होतं. नुसत्या नावाच्या भरोशावर बैलबंडी भलत्याच गावाले जाते."

त्यांच्या मते कोडमध्ये हेच होतं, आणि खरंच होतं. प्रोग्रॅम म्हणजे एक फाइल नसते. एक फाइल दुसऱ्या फाइलीतली कामं मागवून घेते. या कामांना नावं असतात. दोन वेगळ्या फाइलींमध्ये एकाच नावाची दोन कामं असली आणि दोन्ही नुसत्या नावाने घरात घेतली, तर नंतर आलेलं आधीच्याच्या जागेवर बसतं. भांडण नाही, आवाज नाही, लाल अक्षरात चूक नाही. तुम्ही हाक मारता एकाला आणि मुकाट्याने ओ देतो दुसरा. म्हणून मोतीरामभाऊ प्रत्येक कामाच्या नावाआधी त्याच्या फाइलीचं नाव लावतात. आणि 'या फाइलीतलं असेल नसेल ते सगळं घे' असं सांगायची जी एक चांदणीची खूण असते, ती कुणी वापरली की त्यांचं जेवण गोड लागत नाही. "चांदनी लावनं म्हंजे गावजेवनाचं आवतन. कोन आलं न् कोन गेलं, घरच्याले पत्ता नाई." अड्याळच्या प्रणालीने एकदा चांदणी लावली होती, तर तिच्याशी ते आठवडाभर फक्त कामापुरतं बोलले.

मी हे सगळं हसून सांगते आहे, पण आमचं काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वैनगंगेच्या काठच्या गावांमध्ये घाटाघाटावर आमचे भोंगे आहेत. वरच्या धरणातून पाणी सोडायचा निरोप आला की आम्ही ऑफिसातून एक कळ दाबायची आणि काठावरचे सगळे भोंगे वाजायचे. नदीत डोंगे घालून मासे धरणारी माणसं फोन घरी ठेवून जातात. पाण्यात फोन नेऊन करायचा काय? त्यांच्यापर्यंत पोचतो तो फक्त भोंगा. हे काम ऑफिसात आलं त्या दिवशी मोतीरामभाऊ पहिल्यांदा कुठलाही प्रश्न न विचारता म्हणाले, "मी करतो." ते स्वतः नदीकाठचे, ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातले. मला वाटलं, म्हणून.

प्रोग्रॅमची मुख्य फाइल आमच्या आधी नागपूरच्या कुणीतरी लिहून दिलेली होती. त्या माणसाने 'भोंगा' नावाच्या फाइलीतून 'वाजव' हे काम घेतलं होतं आणि पुढे सगळीकडे नुसतं 'वाजव, वाजव' असं लिहून ठेवलं होतं. मोतीरामभाऊ ते पाहून कळवळले. "या मानसानं कोनाचंच पुरं नाव नाई लिहलं." त्यांना ते सगळं बदलायचं होतं. मी सांगितलं, पावसाळा संपेपर्यंत चालत्या गाडीला हात लावायचा नाही. त्यांनी हात लावला नाही, पण शेजारी 'तालीम' नावाची स्वतःची एक फाइल लिहिली. तिच्यातही एक 'वाजव' होतं. ते भोंगा वाजवत नसे, नुसतं पडद्यावर 'वाजला' असं लिहीत असे. गावं उगाच घाबरू नयेत म्हणून सराव त्याच्यावर करायचा. त्याला ते नेहमी 'तालीमचा वाजव' असंच म्हणत. अगदी पूर्ण नावानिशी.

पोळ्याच्या आधी वरून हुकूम आला की एकदा खऱ्या भोंग्यांवर सराव घ्या. आम्ही घेतला. एकेका गावाचा भोंगा वाजवत खाली सरकत होतो. मध्येच मोतीरामभाऊंना फोन आला. ते ऐकता ऐकता उभे राहिले, उभ्यानेच काहीतरी खटाखट टाइप केलं, पिशवी खांद्याला लावली आणि "जाऊन येतो" म्हणत निघून गेले. मी चिडले. सराव टाकून जायचं म्हणजे काय? पण पडद्यावर पुढच्या गावांची नावं येत गेली, वाजला, वाजला, वाजला. सगळं सुरळीत पार पडलं म्हणून मी वर कळवून टाकलं.

आणि मग भादव्यातली ती दुपार.

आमच्याकडे लख्ख ऊन होतं. वर बालाघाटकडे मात्र पाऊस कोसळत होता. जेवणाचे डबे उघडले होते तेवढ्यात निरोप आला की धरणाचे दरवाजे थोड्या वेळात उघडणार. असं ऊन असलं की फार धोका. नदीतल्या माणसाला संशयसुद्धा येत नाही. मी हात न धुता कळ दाबली. पडद्यावर गावांची नावं भराभर उतरली. प्रत्येकापुढे वाजला.

मी परत डब्याकडे वळले. मोतीरामभाऊ वळले नाहीत. त्यांनी त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीच्या तुकारामभाऊंना फोन लावला. सोसायटीचे अध्यक्ष असल्यामुळे फोन प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डोंग्यात नेणारे ते एकटेच.

"तुकाराम, भोंगा आयकू आला काय?"

"कायचा भोंगा जी? आमी तं जाळे ओढून राह्यलो."

मोतीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. माझा घास तोंडातच राहिला.

"पानी येऊन राह्यलं, तुकाराम. बाहेर निंगा. आत्ताच्या आत्ता निंगा."

"आमी निंगतो. पन वरच्या आंगाले पोट्टे गेले, त्याइले कोन सांगन? हाक नाई पोचत तेथपर्यंत."

मी पुन्हा कळ दाबली. वाजला, वाजला, वाजला. अड्याळच्या प्रणालीने दुसऱ्या एका गावात फोन लावला. सरपंच म्हणाले, भोंगा नाही वाजला, पण मी गाडी काढून घाटावर जातो. तिसऱ्या गावात कुणी फोनच उचलला नाही. भोंग्याच्या पेटीला हाताने वाजवायची कळ का नव्हती, हे मला विचारू नका, मला आजही त्याचा संताप येतो.

मी नेटवर्क तपासलं. ठीक होतं. पेट्यांमधल्या सिमांचे रिचार्ज तपासले. ठीक. गावांमधली लाइट गेली असेल म्हणावं तर पेट्यांना बॅटऱ्या होत्या. मी 'भोंगा' फाइल उघडली आणि ओळ न् ओळ वाचली. एकही चूक नव्हती. चूक असती तर बरं झालं असतं. मी मोठमोठ्याने बोलत होते, कुणाशी ते मलाही माहीत नाही.

मोतीरामभाऊंनी खुर्ची ओढली आणि 'भोंगा' फाइलीतल्या 'वाजव'च्या अगदी पहिल्या पायरीवर एक ओळ घातली. इथे कुणी आलं तर पडद्यावर 'आलो' असं लिही. मग कळ दाबली.

वाजला, वाजला, वाजला. 'आलो' एकदाही नाही.

"म्हंजे एथं कोनी येऊनच नाई राह्यलं," ते हळूच म्हणाले. "आपुन हाक मारून राह्यलो. ओ दुसराच देऊन राह्यला." मग चष्मा कपाळावर गेला. "मॅडम, कोनता वाजव?"

त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. नदीत माणसं आहेत आणि हा माणूस कोनता विचारतोय. "एकच आहे हो," मी ओरडले.

"त्यालेच इचारतो."

कामाचं नाव घेऊन तू कुठल्या फाइलीतला, असं प्रोग्रॅमला विचारता येतं. त्यांनी विचारलं. पडद्यावर एकच शब्द आला. तालीम.

मी मुख्य फाइल उघडून अगदी वर गेले. 'भोंगा'मधून 'वाजव' घे, ही नागपूरच्या माणसाची जुनी ओळ तिथे होती. आणि तिच्या खाली, सगळ्यात शेवटी, एक नवी ओळ. 'तालीम'मधून सगळं घे. चांदणी.

खरा 'वाजव' बाजूला पडला होता आणि त्याच्या जागेवर बसलेला सरावाचा 'वाजव' सगळ्या गावांपुढे इमानदारीने 'वाजला' लिहीत होता.

"ही ओळ कोणी लिहिली?" मी प्रणालीकडे पाहत विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"मी," मोतीरामभाऊ म्हणाले.

बोलायला वेळ नव्हता. त्यांनी ती ओळ उडवली आणि खालचे सगळे 'वाजव' पूर्ण नावानिशी 'भोंगाचा वाजव' करून टाकले. बोट कळेवर ठेवलं. आणि थांबले. दुसऱ्या हाताने त्यांनी ऑफिसच्या फोनवरून एक नंबर लावला.

"मोतीरामभाऊ, वाजवा ना," मी म्हणाले.

त्यांनी मला हाताने थांबवलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "सगुना, घरीच हाएस काय? हो, वाजवून राह्यलो. हात धरून ठेव तिचा. सोडजो नोको."

मग कळ दाबली.

पडद्यावर आलो, वाजला, आलो, वाजला. तुकारामभाऊंचा फोन लागलेलाच होता, टेबलावर ठेवलेला. त्यातून आधी नुसता वारा ऐकू आला. मग लांबून सुरू होऊन चढत जाणारा तो भोंगा. असा कर्कश आवाज ऐकून कुणाला रडू येत असेल असं मला वाटलं नव्हतं. मला आलं.

पुढचा सगळा वेळ आम्ही गावोगाव फोन करत होतो. कोण बाहेर आलं, कोण राहिलं. तुकारामभाऊंच्या वरच्या अंगाला गेलेली पोरं डोंगे ओढत काठावर आली आणि मागोमाग पाणी चढलं. एकाचं जाळं गेलं, दोन डोंगे वाहून गेले. माणूस एकही गेला नाही. शेवटच्या गावाचा फोन झाला तेव्हा टेबलावरचे डबे तसेच उघडे होते आणि त्यांवर माश्या बसल्या होत्या.

"मॅडम," मोतीरामभाऊ म्हणाले, "मले गावाले सोडून देता काय? एसटी उशिरा हाये."

मी गाडी काढली ती सोडायला कमी आणि भांडायला जास्त. भंडारा मागे पडताच सुरू केलं. तुम्ही? चांदणी? दुसऱ्या कुणी लावली असती तर तुम्ही त्याला जगू दिलं असतं का? पोरं बुडाली असती, मोतीरामभाऊ. ते खिडकीबाहेर धानाच्या बांध्यांकडे पाहत होते. "घाईत झालं," म्हणाले. "एकेक वाजव बदलवत बसाले टाइम नोता. एका ओळीत सबन चूप करा लागत होते." कशाला, ते सांगितलं नाही.

त्यांच्या घराचं दार उघडंच होतं. घरात कुणी नव्हतं. शेजारची बाई लगबगीने आली, तीच सगुणा. दुपारभर धरून धरून तिचा हात लाल झाला होता.

"दुपारपासून तुमची माय धरून ठेवली होती, दादा. सांजच्याले सोडली, तं गेली घाटावर. पान्यात नाई, वरतंच बसली हाये. आमचे मालक हायेत जवळ."

मोतीरामभाऊ भराभर घाटाकडे निघाले. मी मागे जाऊ लागले तशी सगुणाने मला जरा मागे ओढलं आणि चालता चालता सांगितलं, बाहेरच्या माणसाला सांगतात तसं, आवाज खाली करून. मोतीरामभाऊंच्या आधी या घरात आणखी एक मुलगा होता. शाळेत जाणारा. असंच उन्हात पाणी आलं आणि तो नदीतून परत आला नाही. त्याचं नाव मोतीराम. पुढे हे जन्मले, तर आईने दुसरं नाव ठेवूच दिलं नाही.

"आता बुढीले कायी याद नाई रायत. पन भोंगा वाजला का तिले वाटते, पोट्टा पान्यात हाये. त्या तालमीच्या रोजी तं कमरेएवढ्या पान्यात जाऊन हाका मारून राह्यली होती. मीनंच फोन लावला दादाले. म्हटलं, बंद करा ते भोंगे, नाई तं बुढी जाते."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. ती चांदणी त्यांनी उभ्याउभ्या का लावली, ते आता कळलं. आणि आज बोट कळेवर ठेवून ते का थांबले होते, तेही.

घाटाच्या वरच्या पायरीवर एक लहानशी म्हातारी पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. पाणी पार खालच्या पायऱ्या गिळून गढूळ वाहत होतं. तिची नजर पाण्यावरून हटत नव्हती. मोतीरामभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले.

"कोन?" तिने विचारलं.

"मोतीराम."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कोनता मोतीराम?"

तोच प्रश्न, तोच सूर. मी त्यांच्या मागे उभी होते. मला वाटलं, आता हे चष्मा चढवून पूर्ण सांगणार. ऑफिस, वय, सगळं. नाव सांगायचं तर पुरं सांगायचं, हा माणूस त्यासाठी ऐन मांडवात भांडलेला आहे.

"मोठा," मोतीरामभाऊ म्हणाले. "निंगलो पान्यातून, माय. चाल आता घरी."

म्हातारीचा चेहरा सैल झाला. "किती टाइमाची हाका मारून राह्यली मी," ती म्हणाली. मग पदराचं टोक हातात घेऊन तिने त्यांना जवळ ओढलं. "टकुरं पुस आंधी. ओलं हाये पुरं."

त्यांचं डोकं कोरडं होतं. त्यांनी ते खाली वाकवलं आणि तिचं पुसून होईपर्यंत तसंच ठेवलं.